१८ टीम, ९ मॅच: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या कॉन्फरन्स आणि डिव्हिजनचं गणित

बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समध्ये आता १८ युनिव्हर्सिट्या आहेत आणि फुटबॉलच्या एका सीझनमध्ये प्रत्येक टीम कॉन्फरन्सच्या आत ९ मॅच खेळते. म्हणजे बाकीच्या १७ पैकी ८ टीमशी त्या वर्षी गाठच पडत नाही. तरी सीझन संपला की या अठराही जणांना एकाच यादीत वरपासून खालपर्यंत लावायचं आणि वरच्या दोघांना फायनलला पाठवायचं. कॉन्फरन्स किती मोठी करायची, तिचे दोन भाग करायचे की चार करायचे की काहीच करायचे नाहीत यावर तिकडे गेली तीस-पस्तीस वर्षं जे वाद चाललेत ते जवळपास सगळे या वजाबाकीतून निघतात. यंदा कोण कोणाला भेटणार नाही हे कोणीतरी ठरवावं लागतं, आणि तो निर्णय कधीच सगळ्यांना पटत नाही.

आपल्याकडची बरीच मुलं मास्टर्सला पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम, ॲरिझोना स्टेट अशा ठिकाणी जातात, पहिल्याच सेमिस्टरला कोणीतरी शनिवारच्या मॅचला ओढून नेतं आणि मग फोनवर घरच्यांना ऐकायला मिळतं की आमची कॉन्फरन्स बदलली. ॲरिझोना स्टेटवाल्यांची तर २०२४ मध्ये खरंच बदलली. तर हे नेमकं काय असतं ते जरा नीट बघू.

इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल. अंगावर इतकी धडकाधडकी होते की आठवड्याला एकच मॅच खेळता येते, आणि सगळा रेग्युलर सीझन १२ मॅचचा. त्यातल्या ८ किंवा ९ आपल्या कॉन्फरन्समधल्या टीमशी, उरलेल्या बाहेरच्यांशी. त्या बाहेरच्यांमध्ये बरेचदा एखादी छोटी युनिव्हर्सिटी असते जिला चांगले पैसे देऊन आपल्या स्टेडियमवर बोलावतात, त्यांना पैसे मिळतात आणि यांना एक सोपी जीत आणि तिकीटविक्री. बास्केटबॉलमध्ये मॅच पुष्कळ असतात त्यामुळे तिथे हा प्रश्न इतका टोचत नाही, फुटबॉलमध्ये मात्र १२ च्या वर जाताच येत नाही. आयपीएलमध्ये १० टीम झाल्यावर तेच झालं होतं बघा, १४ मॅचमध्ये सगळ्यांशी दोनदा खेळणं बसेना म्हणून काहींशी दोनदा आणि काहींशी एकदाच असं करावं लागलं. तिथे निदान प्रत्येकाशी एकदा तरी होते. इथे कित्येकांशी शून्य वेळा.

कॉन्फरन्स म्हणजे युनिव्हर्सिट्यांनी आपापसात केलेला गट. एकमेकांशी खेळायचं, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे आणि पैसे वाटून घ्यायचे. सगळ्यांच्या वर एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संघटना आहे पण मोठ्या फुटबॉलमध्ये खरी ताकद कॉन्फरन्सच्या हातात असते. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण यात हमखास गोंधळ होतो: डिव्हिजन वन, डिव्हिजन टू हे एनसीएएचे स्तर झाले, मोठ्या कॉलेजांचा एक, छोट्यांचा दुसरा. मी ज्या डिव्हिजनबद्दल बोलतोय त्या एकाच कॉन्फरन्सच्या आत पाडलेल्या फळ्या, ईस्ट-वेस्ट, नॉर्थ-साऊथ अशा.

या फळ्या आल्या कुठून? खेळ चांगला व्हावा म्हणून कोणी शांतपणे बसून ठरवलं असं झालेलं नाही. १९८७ च्या सुमाराला डिव्हिजन टूमधल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका छोट्या कॉन्फरन्सला आपल्या दोन फळ्यांच्या विजेत्यांमध्ये फायनल घ्यायची होती, त्यांच्या सोयीसाठी एनसीएएने नियम केला की कॉन्फरन्समध्ये किमान १२ टीम असतील, दोन डिव्हिजन असतील आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये सगळे सगळ्यांशी खेळत असतील तर एक जादा मॅच खेळायला हरकत नाही, ती मॅचच्या मर्यादेत मोजली जाणार नाही. मोठ्या लोकांचं लक्ष नव्हतं याच्याकडे. लक्ष गेलं ते साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे, म्हणजे एसईसीचे कमिशनर रॉय क्रेमर यांचं. त्यांच्याकडे १० टीम होत्या. त्यांनी आर्कन्सॉ आणि साउथ कॅरोलिना आणले, १२ झाले, ईस्ट-वेस्ट पाडले आणि १९९२ च्या डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅमला पहिली फायनल घेतली. तेव्हा कोच लोक घाबरलेले होते की सगळा सीझन न हरता काढायचा आणि शेवटी ही एक जादाची मॅच हरून देशाचं अजिंक्यपद घालवायचं, कोणी सांगितलंय? अलाबामाने फ्लोरिडाला २८-२१ हरवलं आणि पुढे नॅशनल चॅम्पियनशिपही जिंकली. भीती संपली. आणि त्या एका मॅचचे टीव्हीचे पैसे बघून बाकीच्यांचे डोळे चमकले.

मग १२ हा जणू मंत्रच झाला. बिग १२ कॉन्फरन्स १९९६ पासून थेट १२ टीमची म्हणूनच खेळायला लागली, नॉर्थ आणि साऊथ. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने, म्हणजे एसीसीने, २००४-०५ मध्ये मायामी, व्हर्जिनिया टेक आणि बॉस्टन कॉलेज घेऊन ९ चे १२ केले. बिग टेनमध्ये पेन स्टेट आल्यापासून ११ होते, २०११ ला नेब्रास्का आलं आणि तेही १२. पश्चिम किनाऱ्याकडच्या पॅक-१० ने त्याच वर्षी कोलोरॅडो आणि युटा घेऊन पॅक-१२ केलं. आकडा आधी ठरलेला, टीम नंतर शोधलेल्या. माझ्या मते पुढच्या बऱ्याच गुंत्याचं मूळ इथेच आहे.

आता १२ टीमचे दोन भाग करायचे म्हटल्यावर कसे करणार? सरळ मार्ग म्हणजे नकाशावर रेघ मारायची. जवळचे जवळच्यांशी खेळतात, प्रवास कमी, जुनी खुन्नस टिकते. पण ताकद काही नकाशाप्रमाणे वाटलेली नसते. बिग टेनने आधी ताकदीप्रमाणे वाटून बघितलं, डिव्हिजनला लेजंड्स आणि लीडर्स अशी नावं दिली, आणि कोण कशात आहे हे लोकांच्या कधीच लक्षात राहिलं नाही. २०१४ ला मेरीलँड आणि रटगर्स आल्यावर १४ झाले तेव्हा सरळ ईस्ट आणि वेस्ट केलं. ईस्टमध्ये ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट, मिशिगन स्टेट. २०१४ ते २०२३ अशा १० फायनल झाल्या आणि दहाच्या दहा ईस्टने जिंकल्या. पहिलीच ५९-० होती. २०२१ ला मिशिगनने आयोवाला ४२-३ ने धुतलं, २०२३ ला परत तेच दोघं आणि २६-०. खरी फायनल आठवडाभर आधी ओहायो स्टेट आणि मिशिगन यांच्यात होऊन गेलेली असायची आणि २०२२ ला तर ओहायो स्टेट ११-१, म्हणजे ११ विजय आणि १ पराभव, असूनही घरी बसलं आणि वेस्टमधून ८-४ वालं पर्ड्यू फायनल खेळलं. पर्ड्यूची काही चूक नाही यात, त्यांनी त्यांची डिव्हिजन जिंकली होती.

बिग १२ मध्येही तसंच. साऊथमध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा दोघंही. २००५ ची फायनल टेक्ससने कोलोरॅडोविरुद्ध ७०-३ ने जिंकली. शिवाय ओक्लाहोमा आणि नेब्रास्का यांची दरवर्षीची लढत, जी एकेकाळी सगळा देश बघायचा, ती दोघं वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये पडल्यामुळे दरवर्षी व्हायची बंद झाली. १९९७ नंतर चार वर्षांतून दोनदा. कॉन्फरन्स एकच, तरीही. नेब्रास्काची माणसं अजून त्याबद्दल हळहळतात आणि मला ते अगदी पटतं, कारण ही लढत काही कोणी समिती नेमून तयार केलेली नव्हती, ती दोन राज्यांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं स्टेडियम भरून तयार केली होती.

एसीसीने वेगळी युक्ती केली. फ्लोरिडा स्टेट आणि मायामी हे त्यांचे दोन मोठे, त्यांना मुद्दाम वेगळ्या डिव्हिजनमध्ये ठेवलं, एक अटलांटिक आणि एक कोस्टल, म्हणजे फायनलला हे दोघं समोरासमोर येतील आणि टीव्हीवर धमाल होईल. डिव्हिजन होत्या तोवर ती फायनल एकदाही झाली नाही. कोस्टलमध्ये तर २०१३ ते २०१९ या सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले, डिव्हिजनमधले सातही जण एकेकदा: ड्यूक, जॉर्जिया टेक, नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया टेक, मायामी, पिट्सबर्ग, व्हर्जिनिया. हे बघायला मात्र खरंच मजा यायची.

पण डिव्हिजनचं सगळ्यात मोठं दुखणं वेगळंच, आणि ते १२ चे १४ झाल्यावर उघडं पडलं. एसईसीमध्ये २०१२ ला टेक्सस ए अँड एम आणि मिझुरी आले. आता प्रत्येक डिव्हिजनमध्ये ७ टीम. कॉन्फरन्सच्या मॅच ८. त्यातल्या ६ स्वतःच्या डिव्हिजनमधल्यांशी. एक मॅच पलीकडच्या डिव्हिजनमधल्या ठरलेल्या जोडीदाराशी, कारण अलाबामा-टेनेसी आणि ऑबर्न-जॉर्जिया ह्या लढती मोडायच्या नव्हत्या. उरली एक. त्या एका मॅचमध्ये पलीकडचे बाकीचे सहा जण आळीपाळीने यायचे. म्हणजे एखादी टीम तुमच्याशी सहा वर्षांतून एकदा खेळणार, आणि तुमच्या गावात यायला बारा वर्षं. विद्यार्थी चार वर्षांत पास होऊन निघून जातो हो! २०१२ ते २०२३ या सगळ्या काळात जॉर्जियाची टीम ए अँड एमच्या गावी, कॉलेज स्टेशनला, एकदाही खेळायला गेली नाही. एकाच कॉन्फरन्समधले म्हणवायचे, पैसे एका डब्यातून वाटून घ्यायचे, आणि तोंड बघायचं नाही.

नॉर्थ कॅरोलिना आणि वेक फॉरेस्टचं उदाहरण तर मला सगळ्यात बोलकं वाटतं. दोन्ही युनिव्हर्सिट्या एकाच राज्यात, दीड तासाच्या आत गाडीने पोचता येतं, दोघंही १९५३ पासून एसीसीमध्ये. डिव्हिजन वेगळ्या म्हणून इतक्या क्वचित भेटायला लागले की शेवटी २०१९ आणि २०२१ ला त्यांनी आपली आपण मॅच ठरवली, कॉन्फरन्सच्या बाहेरची मॅच म्हणून! कॉन्फरन्सच्या तक्त्यात तिचा निकाल धरला नाही.

मधल्या काळात एका कॉन्फरन्सने चार भागांचा प्रयोगही करून बघितला होता आणि आज कोणी पॉड पॉड, म्हणजे चार-चार टीमचे छोटे गट, म्हणत असेल तर त्याने तो आधी वाचावा. वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स, १९९६. दहाचे एकदम सोळा केले. हवाईपासून ओक्लाहोमातल्या टल्सापर्यंत पसरलेली, चार टाइम झोनमध्ये. चार-चार टीमचे चार गट केले, दोन गट मिळून एक डिव्हिजन, आणि मधले दोन गट दर दोन वर्षांनी बाजू बदलणार. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात असं झालं की बीवाययू आणि युटा एका गटात आणि वायोमिंग, कोलोरॅडो स्टेट, एअर फोर्स दुसऱ्या गटात, आणि हे दोन गट कायम एकमेकांच्या समोरच्या बाजूला, म्हणजे जे लोक कित्येक दशकं दरवर्षी खेळत आले त्यांचीच ताटातूट. यंदा आपल्या डिव्हिजनमध्ये कोण आहे हे प्रेक्षकांना सांगता येईना. प्रवासाचा खर्च वाढला. तीन सीझन चाललं हे, मग १९९९ ला आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी माउंटन वेस्ट नावाची नवी कॉन्फरन्स काढली.

मग डिव्हिजन गेल्या कशा? त्याची सुरुवात २०१४ ला झाली असं मी मानतो. तेव्हा बिग १२ मध्ये दहाच टीम उरल्या होत्या, नियमाप्रमाणे १२ नाहीत म्हणून फायनल घेता येत नव्हती. बेलर आणि टीसीयू दोघंही ११-१ ने संपले, कॉन्फरन्सने दोघांना संयुक्त विजेते म्हटलं, आणि देशाचं अजिंक्यपद ठरवणाऱ्या चार टीमच्या पहिल्यावहिल्या प्लेऑफमध्ये दोघांपैकी कोणीच गेलं नाही. चौथी जागा ओहायो स्टेटला मिळाली, आदल्या दिवशी फायनल ५९-० ने जिंकून आलेल्या. आणि ओहायो स्टेट पुढे ती प्लेऑफ जिंकलं पण. बिग १२ वाल्यांनी नियम बदलायचा आग्रह धरला, २०१६ ला एनसीएएने सांगितलं की सगळे सगळ्यांशी खेळत असतील तर १२ पेक्षा कमी टीम असल्या तरी फायनल घ्या. आणि मे २०२२ मध्ये तर ती सगळीच अट काढून टाकली, फायनलला कोण हे कॉन्फरन्सने आपलं आपण ठरवावं. पॅक-१२ ने त्याच दिवशी डिव्हिजन बंद केल्या. एसीसीने २०२३ ला, बिग टेन आणि एसईसीने २०२४ ला. ज्या नियमासाठी डिव्हिजन केल्या होत्या तो नियम गेल्यावर दोनच वर्षांत या मोठ्या कॉन्फरन्समध्ये त्या उरल्या नाहीत.

डिव्हिजन नसताना शेड्यूल कसं बसवतात ते आता बघू, कारण यातलं सगळ्यात सुंदर गणित इथे आहे. एसईसीत २०२४ ला टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यावर १६ टीम झाल्या. तुम्ही सोडून १५. समजा त्यातले ३ कायमचे ठरवले, दरवर्षी खेळायचंच. उरले १२. मॅच ९ असतील तर ३ गेल्यावर ६ उरतात, म्हणजे यंदा ६ आणि पुढच्या वर्षी बाकीचे ६. दोन वर्षांत सगळ्यांशी खेळून झालं, चार वर्षांत सगळ्यांच्या गावी जाऊन आलात आणि सगळे तुमच्या गावी येऊन गेले. चार वर्षांत! जो मुलगा आज ॲडमिशन घेतो तो पास होईपर्यंत कॉन्फरन्समधली प्रत्येक टीम आपल्या स्टेडियममध्ये बघतो. एसईसीने हे २०२६ पासून करायचं ठरवलंय, आधी दोन वर्षं आठच मॅचवर काढली.

आठवर का अडकले होते? आठ मॅचमध्ये गणित बसतं ते एक कायमचा आणि सात फिरते असं, कारण १४ चे निम्मे ७. पण एकच कायमचा ठेवायचा तर ऑबर्नने अलाबामाला ठेवायचं की जॉर्जियाला? ऑबर्न-जॉर्जिया ही लढत १८९२ पासूनची आहे. तो विचारच कोणाला सहन होईना. दुसरीकडे नववी मॅच म्हणजे कॉन्फरन्समध्ये दरवर्षी आणखी आठ पराभव, कारण मॅच झाली की कोणीतरी हरणारच. मधल्या फळीतल्या टीमना बाऊल गेमला, म्हणजे सीझननंतरच्या मानाच्या मॅचला, जायला ६ विजय लागतात, त्यांना ती नववी मॅच भारी पडते. शिवाय ९ म्हणजे एका वर्षी पाच मॅच घरी आणि पुढच्या वर्षी चारच, आणि घरची एक मॅच गेली की त्या गावातल्या हॉटेलवाल्यापासून पार्किंगवाल्यापर्यंत सगळ्यांचा धंदा जातो.

मग लोक विचारतात की चार-चारचे चार पॉड का नाही, तिथेही ३ कायमचे आणि ६ फिरतेच येतात. आकडे तेच येतात हे बरोबर आहे, पण माणसांची नाती चौकोनात बसत नाहीत. टेनेसीची खुन्नस अलाबामाशी, अलाबामाची ऑबर्नशी, ऑबर्नची जॉर्जियाशी, जॉर्जियाची फ्लोरिडाशी. पाच जणांची साखळी आहे ही. चारचा पॉड केला की कुठेतरी कडी तुटणारच. प्रत्येकाला आपापले वेगळे तीन दिले की साखळी अखंड राहते, पॉडला नावही द्यायला नको आणि तक्ताही नको. मला विचाराल तर १६ टीमसाठी यापेक्षा चांगली मांडणी अजून कोणाला सुचलेली नाही.

बिग टेनने तर सगळ्यांना सारखे कायमचे द्यायचा हट्टही सोडला. १८ टीममध्ये मिळून १२ लढती राखून ठेवल्यात, ज्याला जेवढी गरज तेवढ्या. आयोवाला तीन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का. पेन स्टेटला एकही नाही, कारण त्यांचं तसं दरवर्षी हवंच असं नातं कोणाशी नाही. बाकी सगळं फिरतं. एसीसीची अडचण आणखी गमतीची आहे, त्यांच्याकडे फुटबॉलमध्ये १७ टीम आहेत आणि त्यांनी आठवरून ९ मॅचवर जायचं ठरवलं. १७ गुणिले ९ म्हणजे १५३. प्रत्येक मॅच दोन टीमच्या खात्यात मोजली जाते म्हणजे हा आकडा सम हवा, आणि १५३ विषम आहे. त्यामुळे सगळ्यांना ९ मॅच देणं गणितानेच शक्य नाही, एका टीमला आठवर थांबावंच लागतं.

डिव्हिजन गेल्या म्हणून सगळं न्याय्य झालं असंही कोणी समजू नये. १७ जण एका यादीत आणि मॅच आठ, तर एखाद्याला सोपे आठ येतात आणि एखाद्याला अवघड, शिवाय बरोबरीत संपलेले बरेच जण एकमेकांशी खेळलेलेच नसतात. २०२५ च्या एसीसीमध्ये व्हर्जिनिया ७-१ ने पहिलं आलं आणि दुसऱ्या जागेसाठी पाच टीम ६-२ वर अडकल्या. कोणी कोणाला हरवलं यावरून निकाल लागेना, मग नियम लावत लावत ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त जिंकले त्याला घ्या इथपर्यंत आले आणि ड्यूकचा नंबर लागला, ज्यांचा सगळा मिळून हिशोब ७-५ होता. मायामी १०-२ असून बाहेर. ड्यूकने फायनल ओव्हरटाइममध्ये जिंकली, कॉन्फरन्सचे विजेते झाले, तरी १२ टीमच्या प्लेऑफमध्ये त्यांना जागा मिळाली नाही आणि मायामीला मिळाली. ज्या पोरांनी मैदानावर चषक उचलला त्यांना बाहेर ठेवलं याचं मला वाईट वाटलं, आणि मायामीला घेतलं हेही मला चूक वाटत नाही. कॉन्फरन्स मोठी केली की असं होणार, आणि टायब्रेकचा नियम कितीही बदलला तरी न खेळलेल्या मॅचचा निकाल त्यातून निघत नाही.

मग इतका त्रास असताना या कॉन्फरन्स वाढतात कशाला? टीव्ही. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉल टीव्हीवर किती आणि कोणाचं दाखवायचं हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या, सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने एनसीएएची मक्तेदारी मोडली, आणि तेव्हापासून हक्क विकायची ताकद कॉन्फरन्सकडे आली. नवा सभासद घेताना हिशोब साधा असतो. समजा आत्ता प्रत्येकाच्या वाट्याला ६ कोटी डॉलर येतात, तर नव्याने एकूण डब्यात निदान ६ कोटींची भर घातली पाहिजे, नाहीतर जुन्यांचा वाटा घटतो आणि ते हात वर करत नाहीत. रटगर्सला २०१४ ला घेतलं तेव्हा त्यांचं फुटबॉल काही फार मोठं नव्हतं, पण न्यू यॉर्कच्या आसपास लाखो घरांत केबल होती आणि बिग टेनचं स्वतःचं चॅनल २००७ पासून चालू होतं, ते बघा किंवा नका बघू, केबलच्या बिलात त्याचे पैसे जायचे. आता केबल तुटत चाललीय तर मोजतात ते प्रत्यक्ष किती लोक बघतात हे, म्हणून मग बिग टेनने लॉस एंजेलिसचे यूएससी आणि यूसीएलए घेतले.

ते दोघं जातोय म्हणाले ३० जून २०२२ ला, आणि त्यांची शंभरेक वर्षांची कॉन्फरन्स, पॅक-१२, वर्षभरात मोडली. कोलोरॅडो, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये गेले, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, तेही सुरुवातीला साधारण अर्ध्याच वाट्यावर. स्टॅनफर्ड आणि कॅल म्हणजे बर्कली, हे पॅसिफिकच्या काठावरचे, गेले अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. टेक्ससमधल्या एसएमयूने तर त्याच एसीसीत शिरण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं. मागे उरले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. काही चूक नाही, खेळ वाईट नाही, फक्त गाव छोटं आणि टीव्हीवर बघणारे कमी. दोघांनी मिळून दोन टीमची कॉन्फरन्स दोन वर्षं जिवंत ठेवली. २०२६ पासून बॉयझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सस स्टेट मिळून फुटबॉलच्या आठ टीम. आठ म्हणजे सात मॅचमध्ये सगळे सगळ्यांशी खेळून होतं, ना डिव्हिजन ना पॉड.

यापुढे २० झाले तर काय, यावर तिकडे बऱ्याच गप्पा चालतात. २० ला पाच-पाचचे चार गट केले तर गणित सुंदर बसतं, ४ मॅच आपल्या गटात आणि ५ दुसऱ्या एका अख्ख्या गटाशी, बरोबर ९, आणि तीन वर्षांत सगळ्यांशी खेळून होतं. डिव्हिजनपेक्षा चांगलं, पण साखळीचा प्रश्न परत येतोच. २४ झाले तर मात्र माझ्या मते त्याला कॉन्फरन्स म्हणण्यात अर्थ नाही, आठ-आठच्या तीन कॉन्फरन्स एका टीव्ही कराराखाली राहतात एवढंच ते होईल. तसं झालं तर वाईट होईल का? मला नाही वाटत. उलट जे प्रदेश मोडून टाकले तेच परत आतून बांधायची संधी त्यात आहे.

एक गोष्ट मात्र यात सारखी मागे पडते आणि मला ती सगळ्यात जास्त खुपते. फुटबॉलची टीम वर्षातून चार-पाच वेळा बाहेर जाते, शनिवारी, चार्टर विमानाने. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुली आठवड्यात दोन-दोन मॅच खेळतात, मधल्या वारी परीक्षा असतात, आणि त्यांच्या खेळाचे टीव्हीवर कोणी अब्ज डॉलर देत नाही. न्यू जर्सीहून लॉस एंजेलिसला, कॅलिफोर्नियाहून नॉर्थ कॅरोलिनाला त्यांनी का जावं? फुटबॉलसाठी केलेली मांडणी सगळ्या खेळांना लावायची सक्ती कोणी केलेली नाही. जॉन्स हॉपकिन्स बिग टेनमध्ये फक्त लॅक्रॉस खेळतं. नोटर डेम तर फुटबॉलमध्ये कोणत्याच कॉन्फरन्सचं नाही, २०१३ पासून बाकीचे बहुतेक खेळ एसीसीमध्ये आणि २०१७ पासून आइस हॉकी बिग टेनमध्ये. एका युनिव्हर्सिटीचे तीन वेगवेगळे हिशोब इतकी वर्षं सुरळीत चाललेत, तेव्हा स्टॅनफर्डच्या व्हॉलीबॉलला आणि रटगर्सच्या सॉफ्टबॉलला जवळच्या गावात खेळू द्यायला नियमाची आडकाठी आहे असं निदान कोणी सांगू नये.